वही मंडळाचं नाव कुठल्या रकान्यात?

प्रश्न असा आला होता: "पारोळ्याजवळच्या एका गावात आमचं वही मंडळ आहे. आजोबा पस्तीस वर्षं डफ वाजवतात. मी पुण्यात नोकरी करतो आणि मंडळाचं युट्यूब चॅनल सांभाळतो. सरकारचं नवं सांस्कृतिक धोरण आलं, अर्ज ऑनलाइन झाले, सगळं डिजिटल झालं असं ऐकतो. आमच्यासारख्यांच्या कामात नेमका काय फरक पडला? चॅनलकडे किती लक्ष द्यावं? आणि आजोबांची १९९८ ची एक कॅसेट सापडली आहे, तिचं काय करू?"

कॅसेटचं शेवटी सांगतो, ते सोपं आहे. आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही लिहायची वही नाही, खान्देशात डफाच्या साथीने रात्रभर गातात ती कथेची गाणी म्हणजे वही.

मी अमळनेरचा. १९९५ साली बसस्टँडकडच्या गल्लीत कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचं दुकान टाकलं. मग लग्नाच्या शूटिंगा केल्या. मग हळूहळू वहीवाले, शाहीर, फडातले ढोलकीवाले रेकॉर्डिंगला येऊ लागले. दुकानाची पाटी अजून रेकॉर्डिंगचीच आहे, पण आता येणारा कलावंत डफ आणत नाही, प्लास्टिकची पिशवी आणतो. पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पिवळी पडलेली दोन कात्रणं आणि कुठल्यातरी यात्रेत मिळालेल्या सन्मानचिन्हाचा फोटो. पिशवी माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "भाऊ, हाई सगळं त्या कॉम्प्युटरमा टाकी दे."

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या पिशवीत आहे. तुम्ही कलावंत आहात की नाही हे पूर्वी कोणीतरी माणूस ठरवायचा. आकाशवाणी जळगावला स्वरचाचणी घेणारे साहेब, यात्रा कमिटीचा अध्यक्ष, कॅसेट काढणारा व्यापारी, पंचायत समितीतला ओळखीचा बाबू. त्या माणसाची मर्जी सांभाळावी लागायची, कधी चहा पाजावा लागायचा, कधी अपमान गिळावा लागायचा. आता ते ठरवायला एक रकाना आहे. रकान्याला चहा लागत नाही हे चांगलंच. पण माणसाला निदान डफ वाजवून दाखवता यायचा.

मानधनाचंच उदाहरण घेऊ. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने जी ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांची योजना आहे ती मुळात १९५४-५५ पासूनची. त्यात अ, ब, क अशा श्रेण्या: राष्ट्रीय पातळीला ३,१५० रुपये महिना, राज्य पातळीला २,७००, जिल्हा पातळीला २,२५०. आपल्याकडचे बहुतेक सगळे 'क' मध्ये. मार्च २०२४ मध्ये तिन्ही श्रेण्यांना सरसकट ५,००० रुपये केले. वय पन्नासच्या पुढे, कलेची किमान १५ वर्षं सेवा, वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, आणि जिल्ह्यातून वर्षाला १०० जण. अर्ज ऑनलाइन, पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट. मधला हात गेला, रक्कम वाढली. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट महिन्याच्या महिन्याला खात्यात पाच हजार पडलेले म्हातारे मी बघतो तेव्हा बरंच वाटतं.

पण ती १५ वर्षं सिद्ध कशी करायची? तुमच्या आजोबांनी पस्तीस वर्षं कुठे वही गायली? कोणाच्या अंगणात, कोणाच्या ओट्यावर, नवसाच्या रात्री, देवीच्या जागरणात. मोबदला काय? जेवण, चहा, विडी आणि सकाळी निघताना टावेल-टोपी. टावेल-टोपीची पावती कोण देतो?

एक प्रसंग सांगतो, गाव सांगत नाही. सत्तरीचे एक वहीवाले बाबा. त्यांचा अर्ज मी भरलेला नव्हता, गावातल्या केंद्रावर भरला होता. कलाप्रकाराच्या यादीत भजन होतं, कीर्तन होतं, गोंधळ, शाहिरी, तमाशा सगळं होतं. वही नव्हती. भरणारा पोरगा विशीतला, त्याने विचार केला, देवाचंच गातात ना, आणि 'भजन' निवडून पुढे गेला. काही महिन्यांनी बाबांना पडताळणीला बोलावलं. समोर बसलेल्यांनी सांगितलं, भजन म्हणा. बाबांनी डफ काढला आणि वही सुरू केली. दोन कडवी झाल्यावर थांबवून विचारलं, हे कुठलं भजन? बाबा म्हणाले, "साहेब, मी भजनी नही, मी वहीवाला शे." कागदावर भजन, तोंडात वही. अर्ज परत.

मग ते पिशवी घेऊन माझ्याकडे आले. आम्ही 'इतर' निवडलं, सोबत वहीगायन म्हणजे काय ते अर्ध्या पानात लिहिलं, पाच गावांच्या सरपंचांची पत्रं जोडली, वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग ठेवलं. तरी बोटांचा ठसा घेताना अडलं. शेतीत आणि डफावर पन्नास वर्षं घासलेलं बोट, मशीनला त्यावर रेघच सापडेना. पोराने रुमालाने बोट पुसलं, तेल लावलं, परत पुसलं, दहाही बोटं लावून पाहिली. शेवटी डोळ्याच्या स्कॅनवर काम झालं. जे बोट वाजवतं म्हणून मानधन मिळायचं, तेच बोट मशीनला दिसत नव्हतं. बाबांना याचं हसू येत होतं, मला नाही.

म्हणून मी म्हणतो, धोरण वाचायचं असेल तर आधी अर्जातली यादी वाचा. कागदावरचं धोरण वाईट नाही. महाराष्ट्राचं पहिलं सर्वंकष सांस्कृतिक धोरण २०१० सालचं, आ. ह. साळुंखे यांच्या समितीने केलेलं. नंतर विनय सहस्रबुद्धे यांच्या समितीने त्याचा आढावा घेतला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने नवं धोरण मंजूर केलं. त्यात लोककला हा स्वतंत्र विषय आहे, कारागिरी आहे, भक्तिसंस्कृतीही आहे. मुंबईत बसून लोककला म्हटलं की डोळ्यांसमोर लावणी आणि पोवाडा येतो, आणि खान्देशात त्याच शब्दात वही, तगतराव, गुलाबाईची गाणी, नवापूरकडची सोंगाड्या पार्टी एवढं सगळं कोंबायचं असतं. धोरणात ते 'लोककला' या एका शब्दात मावतं. अर्जात मात्र एकेकाला रकाना लागतो, आणि तो रकाना कोणीतरी संगणकवाल्याने एका दुपारी भरलेला असतो.

ही यादीची गरज सरकारलाही उशिरा कळली. कोरोनात यात्रा बंद, लग्नं बंद, फड बंद. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने ५६,००० कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये द्यायचं ठरवलं. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात तोच प्रश्न पडला: आपल्याकडे कलावंत नेमके कोण, आणि आहेत किती? माझ्या दुकानात पिशव्या यायला लागल्या त्या तेव्हापासून.

केंद्राचंही एक काम तुम्हाला माहीत असायला हवं. 'मेरा गाँव मेरी धरोहर' नावाचं पोर्टल जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. देशातल्या साडेसहा लाख गावांचा सांस्कृतिक नकाशा करायचा, प्रत्येक गावाची खासियत, देव, जत्रा, पदार्थ, दागिने, कलावंत नोंदवायचे, असा तो घाट. गावोगावची माहिती गोळा केली सीएससी केंद्रांच्या लोकांनी, म्हणजे जे तुमचं पॅन कार्ड काढतात आणि पीक विमा भरतात त्यांनीच. आता त्या पोराला दोष देऊ नका. त्याला एका गावामागे जो वेळ मिळाला त्यात त्याने देवळाचा फोटो काढला आणि दोन ओळी लिहिल्या. पण पन्नास वर्षांनी कोणी संशोधक बसेल तेव्हा त्याच्यासाठी तुमचं गाव म्हणजे त्या दोन ओळी. आज रात्री जेवण झाल्यावर पोर्टलवर तुमचं गाव शोधा. वही मंडळ आहे का बघा. नसेल तर ग्रामसभेत विषय काढा.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आपल्या धुळ्यातच १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले, दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव पायी हिंडायचे. लोक कागद द्यायला घाबरायचे, जमिनीचे दावे निघतील म्हणून. एकेका रुमालासाठी (दप्तर बांधायच्या कापडाला रुमाल म्हणत) दिवसच्या दिवस मनधरणी करावी लागायची. आता उलटं झालंय. कोणीही येतो, फोन समोर धरतो आणि आपण सगळं देऊन मोकळे होतो.

इथे चॅनलचा विषय येतो.

युट्यूबने खान्देशाचं भलं केलं, हे आधी कबूल करतो. आपली निम्मी पोरं सुरतेत, उधना-लिंबायतकडे, उरलेली पुण्या-नाशिकच्या एमआयडीसीत. त्यांच्या लग्नात अहिराणी गाणं वाजायला कॅसेट कंपनीची परवानगी लागत नाही. आपल्याकडच्या एखाद्या खेड्यात गच्चीवर शूट झालेलं गाणं महाराष्ट्रभर वरातीत वाजतं, हे मी कॅसेटच्या काळात कोणाला सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे आपल्या देवीच्या सणाला, ज्याला सुट्टी मिळत नाही तो मशीनच्या आवाजात फोनवर विसर्जन बघतो. याला मी कमी लेखत नाही.

पैशाचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीचे ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्समध्ये ४५. खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आणि त्याआधी, १० डॉलर झाले की पत्ता खरा आहे का बघायला पोस्टाने एक पिन येतो. हो, पोस्टाने! सगळ्या जगाचं डिजिटल दुकान आणि शेवटी सगळं पारोळ्याच्या पोस्टमनवर. तो पिन चार महिन्यांत टाकावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका मंडळाचा पिन दोनदा हरवला, कारण पत्त्यात 'मारुतीच्या पाराजवळ' असं लिहिलं होतं आणि गावात मारुती तीन. पत्त्यात पिनकोड, तालुका आणि फोन नंबर इंग्रजीत स्वच्छ लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा.

दुसरं, खातं कोणाच्या नावाने आहे? तुमच्या मंडळाचं तुमच्याच नावाने असणार, कारण ईमेल तुमचा. आज तुम्ही सगळ्यांचे लाडके. उद्या मंडळात दोन तट पडले किंवा तुमचं लग्न होऊन प्राधान्य बदललं, की चॅनल कोणाचं? पूर्वी फड मोडला तर डफ, टाळ, पेटी यांची वाटणी व्हायची, भांडून का होईना. चॅनल चिरून वाटता येत नाही. एक साधा ठराव करा: उत्पन्न आलं तर कसं वाटायचं, पासवर्ड कोणाकोणाकडे. सगळ्यांच्या सह्या-अंगठे. वही मंडळाची एक वही असू द्या.

तिसरं म्हणजे हक्क. वहीच्या चाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या, त्या कोणाच्या बापाच्या नाहीत. पण तुमच्या आजोबांनी गायलेली ती विशिष्ट वही, त्या रात्रीची, ती त्यांची आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ अ आणि ३८ ब आले. सादर करणाऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच्या परवानगीनेच व्हावं, त्याचा धंदा झाला तर त्याला रॉयल्टी मिळावी, त्याचं नाव लावलं जावं, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे काय होतं? शहरातली एक पार्टी येते, दिवसाचे दोन हजार आणि जेवण ठरतं, कागद पुढे करतात, म्हातारा सही करतो. कागदात 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांत' असे दोन शब्द असतात. सुपारी घ्यायची सवय लागलेल्या माणसाला वाटतं, ही एका रात्रीची सुपारी. ती जन्माची असते.

आणि याचा पुढचा अंक तर भन्नाट आहे. माझ्या एका गायकाने स्वतःच्या चॅनलवर पारंपरिक गाणं टाकलं. दोन दिवसांत दावा आला, की हे आमचं रेकॉर्डिंग आहे आणि जाहिरातीचे पैसे आमच्याकडे वळतील. दावा करणाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी त्याच चालीवर कीबोर्ड लावून एक ट्रॅक चढवला होता, आणि मशीनला दोन्ही सारखे वाटले. गायक खचला. म्हणाला, "माय जे गाये, ते त्यासनं कसं व्हयनं?" मी त्याला शांत बसवलं आणि हरकत नोंदवली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आणि या दाव्यात तेवढ्या दिवसांत उत्तर आलंच नाही, दावा सुटला. आमच्याकडे तारखेसकट मूळ रेकॉर्डिंग होतं म्हणून मी इतक्या हिमतीने हरकत घेऊ शकलो. ते नसतं तर मी त्याला गप्प बसायला सांगितलं असतं, हेही कबूल करतो.

कामाच्या रोजच्या जगण्यात काय बदललं ते सांगतो, कारण धोरणाची चर्चा करणारे याकडे क्वचित बघतात.

तमाशातल्या सोंगाड्याला विचारा. पूर्वी दसऱ्यानंतर एक नवीन बतावणी बसवली की ती चैत्राच्या यात्रांपर्यंत चालायची. चाळीसगावचा विनोद चोपड्याला नवा असायचा. आता पहिल्या रात्री पुढच्या रांगेतले चाळीस फोन वर होतात, आणि तिसऱ्या गावात सोंगाड्याने तोंड उघडायच्या आत पब्लिक त्याचं वाक्य पुरं करतं. एका सोंगाड्याने मला सांगितलं, आधी वर्षाला दोन बतावण्या लागायच्या, आता पंधरा दिवसाला एक लागते, आणि पगार तोच. त्या जास्तीच्या कामाचे पैसे कोणी देत नाही. ते कुठल्या अर्जात बसत नाही.

वाजवणाऱ्यांचं त्याहून वाईट. ऑर्केस्ट्रात आठ जण असायचे, आता एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि पेन ड्राइव्हमधला ट्रॅक. गायक उभा राहतो, बाकीचे सहा जण केळी कापायला किंवा जिनिंगवर जातात. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून त्यांची नोंद होते, १६ ते ५९ वयाच्यांची, आणि मी सगळ्यांना ती करायला लावतो. पण नोंद करताना व्यवसाय विचारला की ते 'शेतमजूर' सांगतात. वादक सांगत नाहीत. मी आग्रह करतो, तर म्हणतात, "त्यानी काय व्हस?" सरकारच्या आकड्यांमधून वादक असे स्वतःच्या तोंडाने नाहीसे होतात.

आणि वही. वही रात्रभराची. तिच्यात कथा चढत जाते, मध्यरात्री डफ ढिला पडतो, मग शेकोटीवर तापवतात, तेवढ्यात कोणी थट्टा करतं, चहा येतो, पहाटेला आवाज बसलेला असतो आणि तरी शेवट त्याच बसक्या आवाजात होतो, त्यालाच मजा आहे. तुमच्या चॅनलवर मी बघितलं, सगळ्यात जास्त व्ह्यूज तीन मिनिटांच्या तुकड्याला आहेत, ज्यात आजोबा जोरात डफ फिरवतात. तुम्ही आता त्यांना म्हणत असाल, "बाबा, सुरुवातीलाच ते फिरवायचं करा." नका म्हणू. तुकडा जरूर टाका, पण वर्षातून एकदा तरी सगळी रात्र न तोडता भरून ठेवा. ती युट्यूबवर टाकलीच पाहिजे असं नाही.

टाकण्याचं निघालं म्हणून बायकांच्या गाण्यांबद्दल. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी, गुलाबाई, लग्नातल्या हळदीच्या ओव्या. यातल्या कित्येक ओव्यांमध्ये सासूला, नवऱ्याला, दिराला घेतलेलं असतं. त्या चार बायकांत म्हणायच्या असतात. एका बाईंची ओवी भाच्याने फोनमध्ये घेऊन टाकली, ती हजारो लोकांनी पाहिली, त्यात त्यांच्या दिराचा मुलगाही. बाईंनी नंतर अखाजीला गाणंच सोडलं. सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांच्या पूजेबाबत मी आणखी जपून राहतो. तिकडच्या एका कारभाऱ्याने मला एकदा रेकॉर्डर बंद करायला सांगितला, मी केला, आणि त्या रात्रीचं माझ्याकडे काही नाही. तिकडच्या काठी गावची होळी सगळं जग येऊन शूट करतं, ती वेगळी गोष्ट, ती गर्दीसाठीच असते. विचारून घ्या, आणि विचारताना नुसतं "रेकॉर्ड करू का" म्हणू नका. "हे सुरतेतले तुमचे पाहुणे बघतील, चालेल का?" असं विचारा. उत्तर बदलतं.

बहिणाबाई आसोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी कागदावर उतरवून घेतली, मुलगा सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये, म्हणजे त्या गेल्यावर वर्षभराने, ती छापून आली. त्याच १९५२ साली अमळनेरला साहित्य संमेलनही झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला पुन्हा संमेलन झालं, ९७ वं, आणि त्याच गावात त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही. या वेळी दोन्हीकडे इतके फोन चालू होते की भाषणांपेक्षा फुटेज जास्त असेल. माझ्याकडेच चार टेराबाइटची एक डिस्क भरलीय. त्यातलं नाव, तारीख, विषय लावून मी आजवर किती व्यवस्थित ठेवलं? पाव सुद्धा नाही. बहिणाबाईंच्या घरच्यांकडे रेकॉर्डर नव्हता, पण कोणाचं गाणं कुठलं ते त्यांनी नीट लिहिलं होतं. आम्हाला लिहायचाच कंटाळा.

भाषेचंही थोडं. मी अहिराणीत बोलून फोनवर टाइप करायला जातो, यादीतून मराठी निवडून. मी म्हणतो, "तू कथा जाई रायना?" म्हणजे तू कुठे चाललास. फोन 'कथा' शब्दाला गोष्ट समजतो आणि पुढे भलतंच वाढून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे सुमारे १८.६ लाख निघाले, त्यातले १६ लाखांहून जास्त अहिराणी लिहिणारे. पण हा आकडा फक्त ज्यांनी तसं सांगितलं त्यांचा. अर्ध्या लोकांनी गणकाला 'मराठी' सांगितलं असणार, माझ्याही घरात तेच झालं, मी दुकानात होतो आणि बायकोने मराठी सांगितलं. २०२७ ची जनगणना मोबाइलवर होणार आहे, स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. मातृभाषेच्या जागी अहिराणी लिहा. मराठी तुमची दुसरी भाषा म्हणून लागेल, तिचं काही कमी होत नाही. उद्या कोणी अहिराणीसाठी बोलून टाइप करायचं यंत्र बनवायचं की नाही हे ठरवताना हाच आकडा बघणार.

तुमच्या जागी असतो तर मी काय केलं असतं? चॅनलवर महिन्याला एक व्हिडिओ, वर्णनात गाव, तालुका, गाणाऱ्यांची पूर्ण नावं, तारीख. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर यजमानाकडून एका कागदावर चार ओळी आणि सही, फोटो काढून ठेवायचा. हा कागद पाच वर्षांनी तुमच्या काकांच्या अर्जाला लागेल. आजोबांचं आधार, पासबुक आणि रेशनकार्ड यांवरचं नाव अक्षरासकट एकच आहे का ते दिवाळीत घरी जाल तेव्हा बघा. 'नथ्थू' आणि 'नत्थू' यांत मशीनसाठी दोन माणसं असतात. रेकॉर्डिंग मोबाइलवर चालेल, पण ते व्हॉट्सअपवरून एकमेकांना पाठवू नका, आवाज आणि चित्र दोन्ही दाबून चपटं होतं. डेटा केबलने काढा. चांगल्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाची एक तासाची मूळ फाइल साधारण एक जीबी होते, म्हणजे सगळी रात्र दहा जीबीत येते. आजच्या काळात हे काहीच नाही. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक गावाबाहेर, तुमच्या पुण्याच्या कपाटात.

आता कॅसेट. पहिली गोष्ट, ती घरातल्या जुन्या टेपमध्ये घालून 'चालते का बघू' करू नका. सत्तावीस-अठ्ठावीस पावसाळे खाल्लेली फीत आहे, एकदा गुंडाळली गेली की संपलं. खिडकीतून फितीवर पांढरट बुरशी दिसते का ते उजेडात धरून बघा. मागचे दोन चौकोनी कान मोडलेले नसतील तर आधी मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. पेन्सिल घालून सैल फीत हलक्या हाताने आवळा, ओढू नका. कॅसेटवर आणि कव्हरवर जे काही लिहिलंय, फोन नंबर, पैशांचा हिशोब, शाईचा डाग, सगळ्याचा फोटो काढा. त्या काळी माझ्याकडून भरून नेलेली असेल तर आत एका बाजूला निळ्या पेनाने तारीख असेल, मी टाकत असे.

पोस्टाने पाठवू नका. आजोबांना सोबत घेऊन या. मी डेकचं हेड स्पिरिटने पुसून ठेवतो, एक बाजू ४५ मिनिटांची असेल तर दोन्ही मिळून दीड तास लागतो, घाईने होत नाही. पहिल्या दहा मिनिटांत आजोबा ऐकून सांगतील की मागे टाळ कोण वाजवतंय. ती नावं लगेच लिहून घ्यायला तुम्ही वही आणा. शनिवारी दुकानात गर्दी नसते.